दिवसभर कामच तर असतं

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेचा पूल लागायच्या आधी शिरोली येते. गावाचं पूर्ण नाव पुलाची शिरोली. तिथल्या एमआयडीसीत सकाळी पावणेसातला कुठल्याही गेटसमोर उभं राहिलं, की टोप, नागाव, हालोंडी, हेर्ले, शिये अशा आसपासच्या गावांतून दुचाक्यांचा लोंढा येताना दिसतो. हँडलला डबा अडकवलेला, कानाला मफलर. तिसऱ्या पाळीची माणसं डोळे चोळत बाहेर पडत असतात, पहिली पाळी आत शिरत असते. नऊच्या सुमाराला इस्त्रीचे शर्ट घातलेले ऑफिसातले येतात.

यांतल्या कुणालाही विचारा, "व्यायाम काय करता?" उत्तर ठरलेलं. "दिवसभर कामच तर असतं की, आणि व्यायाम कशाला?" फौंड्रीत वाळूचे साचे करणारा मोल्डर हेच म्हणतो, मशीनवरचा ऑपरेटर हेच म्हणतो, हिशेबाच्या टेबलावरचा माणूसही हेच म्हणतो. मीही म्हणत होतो. एकोणीस वर्षं शिरोलीतल्या एका फौंड्रीत मी बिलं, चलनं आणि पगाराचे तक्ते लिहिले. संध्याकाळी घरी पोचलो की अंग आंबलेलं असायचं, म्हणजे काम झालेलं आहे, अशी माझी समजूत. चाळिशी उलटल्यावर कारखान्यातल्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, तेव्हा माझं वजन ६१ किलो होतं. पोट सोडलं तर मी किडकिडीतच. माझ्याच रांगेत उभ्या असलेल्या मोल्डरची साखर ठीक होती, पण रक्तदाब चढलेला. व्हीएमसी या धातू कापणाऱ्या मशीनवरच्या ऑपरेटरचे रिपोर्ट चांगले होते, पण त्याच्या पोटऱ्यांवर हिरव्यानिळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. एकाच गेटातून आत जाणारी आम्ही तिघं माणसं, तिघांचंही "दिवसभर कामच", आणि तिघांचे आजार तीन तऱ्हेचे. हे कसं होतं, ते सावकाश उलगडून सांगायचं आहे.

सुरुवात एका कागदापासून करू. माणूस किती हलतो हे मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं एक प्रश्नावली केली आहे. तिच्यात हालचालीचे तीन रकाने आहेत: काम, येणं-जाणं आणि फावला वेळ. घरकाम आणि शेतीही कामातच धरतात. येण्या-जाण्यात फक्त चालणं आणि सायकल, दुचाकी नाही. चौथा प्रश्न वेगळा विचारतात: दिवसातून किती तास बसून किंवा रेलून जातात? झोप त्यात धरत नाहीत.

मोजायचं माप आहे 'मेट'. निवांत बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते, ती एक मेट. साधारणपणे दर किलो वजनामागे तासाला एक किलोकॅलरी. टेबलावर बसून लिहिणं दीडच्या आत राहतं. भराभर चालणं साडेतीन-चारपर्यंत जातं. फावड्यानं वाळू ओढणं पाचापासून आठापर्यंत, फावडं किती भरता त्यावर. प्रश्नावलीत हिशेब सोपा व्हावा म्हणून मध्यम कामाला ४ आणि जड कामाला ८ असे ठोक आकडे घेतात. प्रौढ माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी, असं संघटना सांगते. १५० गुणिले ४ म्हणजे ६००. या सहाशेच्या खाली तो अपुरा हलणारा, वर तो पुरेसा. २०२० च्या सूचनांत १५० ते ३०० मिनिटं, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, आणि त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असं सांगितलं आहे.

आता आम्हा तिघांचा कागद भरून बघू.

मोल्डरची पाळी आठ तासांची. त्यातलं खरोखर घाम काढणारं काम, म्हणजे वाळू भरणं, ठोकणं, बॉक्स उचलून लावणं आणि ओतकामाला हात देणं, चार तास धरलं, तर दिवसाला २४० मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १,४४० मिनिटं. गुणिले ८. उत्तर ११,५२०. गरज होती सहाशेची. एकोणीस पटींहून जास्त!

माझा कागद: कामाचा रकाना शून्य, येण्या-जाण्याचा शून्य, फावल्या वेळेचा शून्य. बसण्याचे तास मात्र दुचाकीवर अर्धा, ऑफिसात आठ, घरी टीव्ही आणि मोबाइलपुढे अडीच. अकरा.

आणि ऑपरेटर? तो मशीनपुढे उभा असतो. कास्टिंग उचलून फिक्श्चरमध्ये बसवायला, आवळायला अर्धा-पाऊण मिनिट. मग दरवाजा बंद, बटण, आणि चार मिनिटं मशीन आपलं आपण कापत राहतं. याला सायकल टाइम म्हणतात. या चार मिनिटांत तो मीटरकडे बघत, गेज हातात धरून, तिथंच उभा. प्रश्नावली सलग दहा मिनिटांची हालचाल विचारते. त्याची सलग दहा मिनिटं कधी होतच नाहीत. म्हणून हालचालीत शून्य. पण तो बसलेलाही नाही, म्हणून बसण्याच्या तासांतही त्याचे ते आठ तास येत नाहीत. दोन रकान्यांच्या मधून तो गळून पडतो.

देशाची मोजमापंही साधारण अशाच कागदांवर झालेली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगढ इथल्या चौदा हजारांवर प्रौढांना त्यांच्या हालचालीबद्दल विचारलं होतं. २०१४ मध्ये ते आकडे आले: ५४.४ टक्के लोक निष्क्रिय, शहरांत ६५ टक्के, खेड्यांत ५०. फावल्या वेळात मुद्दाम काही हालचाल करणारे दहा टक्केही नव्हते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'नं जगाचा अंदाज मांडला. त्यात २०२२ साली अपुरी हालचाल करणारे भारतीय प्रौढ जवळपास निम्मे होते, पुरुष ४२ टक्के आणि बायका ५७ टक्के. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. शिरोलीत हा बदल बघायला आकडे लागत नाहीत. आमच्या कारखान्यात दुचाक्या लावायच्या पत्र्याच्या शेडला अजून 'सायकल स्टँड' म्हणतात. तिथं आता एकही सायकल नसते.

बसणाऱ्याच्या शरीरात काय होतं ते आधी सांगतो, कारण ते मी स्वतः भोगलेलं आहे.

दुपारी डबा खाल्ला. भाकरी, भात, आमटी. अर्ध्या-पाऊण तासात त्यातली साखर रक्तात चढते. ती साठवून घेणारं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि त्यांतही मांड्या, कुल्ले आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू. या कोठाराला दोन दारं आहेत असं समजा. एक दार इन्सुलिनच्या किल्लीनं उघडतं. दुसरं दार स्नायू आकुंचन पावला की आपोआप उघडतं, त्याला इन्सुलिनची गरज नसते. माणूस उठून चालायला लागला, की मांडीतल्या पेशींच्या आत दडलेले साखर ओढून घेणारे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. खुर्चीत बसल्यावर हे दुसरं दार बंद. सगळा भार पहिल्यावर पडतो. इन्सुलिन जास्त सोडावं लागतं, वर्षानुवर्षं सोडावं लागतं, आणि हळूहळू किल्ली झिजते.

आपल्या आजी-आजोबांनी जेवणानंतर शतपावली सांगितली, ती नेमकी या वेळेवर बसते. ऑस्ट्रेलियात २०१२ साली याची मोजणी झाली. जाड अंगाच्या मध्यमवयीन माणसांना पाच तास बसवलं. एकदा सलग, एकदा दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालवून. चाललेल्या दिवशी जेवणानंतरची साखरेची चढण सुमारे पाव हिश्श्यानं कमी भरली. दोन मिनिटं म्हणजे हिशेबाच्या टेबलापासून स्टोअरपर्यंत जाऊन परत येणं. मी पूर्वी चलन द्यायला पोराला हाक मारायचो.

वजन वाढलेलं नसताना साखर कशी वाढली, हा माझा त्या वेळचा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्यात सापडलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच मापं शेजारीशेजारी मांडली आणि २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. बाहेरून सडपातळ, आतून चरबीचा असा आपल्याकडचा बांधा असतो आणि त्याची मुळं आईच्या पोटात असल्यापासूनची आहेत, हे याज्ञिकांच्या कामातून पुढं आलं. म्हणून आपल्यासाठी काट्यापेक्षा टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, की सावध व्हायचं. माझी ९४ होती.

भुकेबद्दलही एक जुना आणि मला फार मोलाचा वाटणारा अभ्यास आहे. तोही आपल्या देशातल्या कारखान्यातला. बंगालमधल्या एका ताग गिरणीत जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१३ माणसांचं खाणं, वजन आणि काम तपासलं, आणि १९५६ मध्ये निष्कर्ष छापले. दुकानात बसणारे, कारकून, यंत्रावरचे, कोळसा वाहणारे, सगळे त्यात होते. हलक्या कामापासून जड कामापर्यंत जसं काम वाढलं तसं खाणं वाढलं आणि वजन जागच्या जागी राहिलं. हे अपेक्षितच. पण हलक्या कामाच्याही खाली, अगदी बसून राहणाऱ्यांत, खाणं कमी व्हायच्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि वजनही. हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा काटा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या ऑफिसात साडेचारला मागवलेली भजी आठवून बघितली, तर पटतं.

बसणं हृदयाला कसं नडतं हे दाखवणारा पहिला मोठा अभ्यास लंडनच्या बसगाड्यांवर झाला. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुमजली बस, एकाच सामाजिक थरातली दोन माणसं. चालक पाळीभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने वर-खाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि उशिरा झाला, आणि झाला तेव्हाही कमी जीवघेणा ठरला. पोस्टात चालत टपाल वाटणारे आणि आत बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक. पुढं मॉरिस यांनीच गणवेशांच्या विजारींची मापं काढली आणि चालकांची कंबर सगळ्या वयोगटांत मोठी निघाली. म्हणजे काही फरक माणूस नोकरीला लागतानाच घेऊन येतो. ही शंका त्यांनी स्वतःच पुढं ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. नंतरच्या सात दशकांतल्या अभ्यासांनी मूळ गोष्ट पक्की केली. महामार्गावर रात्रंदिवस जाणारे ट्रकचालक, गेटवर बारा तास खुर्चीत असणारे वॉचमन आणि मी, आम्ही सगळे त्या बसचालकाच्या बाजूचे.

मग सकाळी तासभर चाललं की दिवसभर बसायला मोकळे का? २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून बघितली गेली. आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांनी रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल केली, तर बसण्यानं वाढलेला मृत्यूचा धोका जवळपास पुसला गेला. एवढा वेळ शिरोलीतल्या नोकरदाराकडे असतो का? बहुतेकांकडे नसतो. म्हणून बसणं तोडणं हाच आपल्या हातातला मार्ग. त्यात एक बातमी चांगली आहे: हालचाल सलग दहा मिनिटांची असली तरच धरायची, ही अट २०२० च्या सूचनांतून काढून टाकलेली आहे. फोन आला की उठून बोलणं, प्रिंटर लांब ठेवणं, डबा खाऊन शेडच्या कडेनं दोन चकरा, सगळं जमेला धरलं जातं. दहा हजार पावलांचा धाकही नको. तो आकडा १९६५ साली जपानमधल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला. साठीच्या आतल्यांना आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आणि साठीच्या वरच्यांना सहा ते आठ हजारांच्या दरम्यान बहुतेक फायदा मिळून जातो.

आता ऑपरेटर. त्याचा प्रश्न लोकांना प्रश्नच वाटत नाही.

उभं राहणं म्हणजे हालणं नव्हे. स्थिर उभ्या माणसाची ऊर्जा बसलेल्यापेक्षा थोडीच जास्त खर्च होते. पण पायांचं गणित पूर्ण बदलतं. पायातलं रक्त वर हृदयाकडं चढवायचं काम पोटरी करते. पाऊल पडलं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. चालणाऱ्या माणसाचा हा पंप सतत सुरू असतो. जागच्या जागी उभ्या माणसाचा पंप बंद, आणि रक्ताचा सगळा उभा स्तंभ घोट्यावर. संध्याकाळी बूट घट्ट होतात ते त्यामुळं. वर्षानुवर्षं हेच झालं की झडपा ढिल्या पडतात आणि शिरा फुगतात. कंबरेचे स्नायूही एकाच ताणात धरून ठेवलेले असतात. आकुंचलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून न हलताही ते दमतात. "काहीच केलं नाही, तरी कंबर धरली" असं ऑपरेटर म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असतो.

त्याची औषधं त्याच्या चार मिनिटांच्या सायकल टाइममध्येच आहेत. मशीनभोवती एक फेरी. टाचा वर-खाली, वीस वेळा. पायाखाली वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा, त्यावर एकदा डावा पाय, एकदा उजवा. कंबरेचा ताण तेवढ्यानं बदलतो. काँक्रीटवर जाड रबरी मॅट. आणि सगळ्यांत आधी एक स्टूल. उभ्यानं काम करावं लागणाऱ्या कामगाराला, कामात मिळेल त्या उसंतीत बसता यावं म्हणून बसण्याची सोय ठेवावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं, ४४ व्या कलमात. दुकानांमधल्या विक्रेत्यांसाठी केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात घातला, तोही दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी आवाज उठवल्यावर. तरी अनेक मशीन शॉपमध्ये स्टूल दिसलं की सुपरवायझरला आळस दिसतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. चार मिनिटांतलं एक मिनिट बसलेला ऑपरेटर पाळीच्या शेवटच्या तासाला गेज नीट वाचतो.

कोअर शॉपमधल्या बायकांची गत आणखी वेगळी. लहान कोअर, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे, हातानं करताना त्या बसूनच असतात, मान खाली, बोटं चालू. म्हणजे कारखान्यात बसणं आणि घरी गेल्यावर पाणी, धुणं, भाकऱ्या, जनावर असेल तर त्याचं शेण-वैरण. त्यांना व्यायाम सांगण्याआधी त्यांच्या दिवसात स्वतःची अशी वीस मिनिटं कुठून काढायची, हे घरच्या पुरुषांनी सांगावं.

शेवटी मोल्डर, ११,५२० वाला. कागदावर आमच्यातला सर्वांत निरोगी माणूस तोच असायला हवा. तसं नाही.

कोपनहेगनमधल्या आंद्रेयास होल्टरमन आणि त्यांच्या गटानं हा विरोधाभास बरीच वर्षं लावून धरला आहे. फावल्या वेळातली हालचाल आयुष्य वाढवते आणि कामातली जड हालचाल तसं करत नाही, उलट काही वेळा घातक ठरते. २०१८ मध्ये १७ अभ्यासांतल्या एक लाख नव्वद हजारांवर माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा जड काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी जास्त आढळला. बायकांत तसा संबंध दिसला नाही. यावर वाद आहे. नॉर्वेतल्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासात कामातल्या हालचालीनं पुरुषांचं आयुष्य घटलेलं दिसलं नाही, आणि गरिबी, तंबाखू, शिक्षण यांचा परिणाम वेगळा काढणं अवघडच असतं. पण जड काम व्यायामासारखं का वागत नाही, त्याची कारणं शरीराला विचारली तर समजण्यासारखी आहेत, आणि कोल्हापूरच्या माणसाला ती तालमीतून सगळ्यांत लवकर समजतील.

गंगावेशीच्या किंवा मोतीबागच्या तालमीतला पैलवान पहाटे उठतो. जोर, बैठका, मग हौद्यात लढत. धाप लागेपर्यंत मेहनत, पण ठरलेला वेळ. मग मालिश, खुराक, आणि दुपारी गाढ झोप. वस्ताद बघत असतो. पोरगं ओढलेलं दिसलं की त्याला बसवतो. मेहनतीनं स्नायूत बारीक झीज होते आणि ताकद वाढते ती नंतरच्या विश्रांतीत. हे शाहू महाराजांच्या काळापासून इथल्या तालमींना ठाऊक आहे.

मोल्डरला यातलं काय मिळतं? त्याची मेहनत धाप लागण्याइतकी क्वचितच असते, म्हणून हृदयाची क्षमता फारशी वाढत नाही. पण ती तासन् तास चालते, म्हणून नाडी दिवसभर चढलेली राहते. बॉक्स उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. हाच प्रकार दिवसातून शेकडो वेळा. भट्टीच्या उष्णतेनं रक्त कातडीकडं वळतं, घामानं त्याचं प्रमाण घटतं, आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. दमलं म्हणून थांबायची मुभा नाही, कारण धातू तयार आहे आणि तो थांबत नाही. सुट्टी सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय ओव्हरटाइम.

आठ तास झेपेल असं काम म्हणजे माणसाच्या जास्तीत जास्त क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश, असा एक जुना ठोकताळा आहे. वय वाढतं तशी क्षमता घटते, काम मात्र तेवढंच राहतं. तिशीत तृतीयांश असलेला बॉक्स पन्नाशीत त्याहून मोठा हिस्सा खातो. त्यावर उपाय म्हणून क्षमता वाढवावी, म्हणजे कामाबाहेर धाप लागणारा व्यायाम द्यावा, हे डेन्मार्कमध्ये सफाई कामगारांवर करून बघितलं. दम वाढला, पण दिवसभराचा रक्तदाबही वाढला. आधीच भरलेल्या माणसावर आणखी ओझं घातलं की असं होऊ शकतं. म्हणून मोल्डरला "सकाळी उठून पळायला जा" असं सांगणारा सल्ला मला पटत नाही. त्याच्याकडं बॉक्स उचलायला होइस्ट हवा. जड आणि हलकी कामं आलटून पालटून हवीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, जेवणासोबत ताक, आणि भट्टीपासून लांब, पंख्याखाली एक बाक. पैलवानाला वस्ताद देतो तेवढं.

आणि किती दमला हे त्याच्या तोंडाकडं बघून ठरवायचं नसतं, मोजता येतं. लुसियाँ ब्रूहा या शास्त्रज्ञानं कारखान्यांतल्या उष्ण कामांसाठी एक साधी रीत घालून दिली. काम थांबवून माणसाला बसवायचं. पहिलं अर्धं मिनिट सोडून पुढच्या अर्ध्या मिनिटाचे नाडीचे ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. मग तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्यात पुन्हा तसंच. पहिला आकडा ११० च्या आत आणि तिसऱ्या मिनिटाला निदान दहानं उतरलेला असला, तर काम झेपतंय. पहिला चढा असला तरी झपाट्यानं उतरत असेल तर निभतं, पण लक्ष ठेवायला हवं. तिसऱ्या मिनिटालाही ९० च्या वर आणि उतार दहाच्या आत, तर शरीर मागं पडतंय.

गेल्या उन्हाळ्यात मी हे आमच्या मोल्डरवर करून बघितलं. ओतकाम संपल्यावर त्याला बाहेर चाफ्याखाली बसवलं, मनगटावर बोटं ठेवली, मोबाइलवर घड्याळ लावलं. "काय बघतोस भावा, जिवंत हाय मी," म्हणाला. पहिला आकडा १२४. तिसऱ्या मिनिटाला ११८. तसंच बसवून ठेवलं आणि पाणी दिलं. दहाव्या मिनिटाला ९६. तेवढ्यात आतून हाक आली, पुढचे बॉक्स तयार होते. मी आत जाऊन सांगितलं की त्याला अजून दहा मिनिटं लागतील, आणि ती का लागतील, हे आकड्यांसकट एका कागदावर लिहून सुपरवायझरच्या हातात दिलं.